चिंधा फुवांची खुर्ची

पन्नाशीच्या माणसानं नव्यानं काय शिकावं, याबद्दल सुरतेतल्या गोडादऱ्याच्या त्या सोसायटीत सगळ्यांचं एकमत होतं. फार तर भजनाची एखादी चाल शिकावी, नाहीतर डायबिटीस निघाला म्हणून बिनसाखरेचा चहा प्यायला शिकावं. त्यापलीकडे काही शिकू गेलं तर लोक घरच्यांकडे चौकशी करत. असं असूनही सन अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात हिलालभाऊ सोनवणे कंप्युटरवर फोटो दुरुस्त करायच्या क्लासला जाऊ लागले, आणि तेही कॉलेजच्या पोरापोरींच्या व्हेकेशन बॅचला.

हिलालभाऊ काही ऐरेगैरे आसामी नव्हते. पांडेसऱ्यातल्या एका डाईंग मिलमध्ये ते डिस्पॅचचे हेडक्लार्क होते. त्यांच्या सहीशिवाय कापडाचा ताका गेटबाहेर पडत नसे. ट्रकवाले त्यांना साहेब म्हणत आणि पाठ वळल्यावर काय म्हणत ते त्यांनी कधी ऐकायचा प्रयत्न केला नव्हता. असा माणूस काखेत वही मारून क्लासला जातो, तर त्याला कारणही तसंच हवं. कारण होतं चिंधा फुवा.

फुवा म्हणजे आत्याचे यजमान. हे हिलालभाऊंचे नव्हेत, त्यांच्या जावयाचे. हिलालभाऊंची एकुलती एक लेक दिपाली माघात नवागामच्या सुपडू नानांच्या घरी दिली होती, त्यांच्या विकासला. नवागाम काही सातासमुद्रापार नाही. मधलं रेल्वेचं फाटक उघडं असलं, तर गोडादऱ्याहून निघालेली रिक्षा बशीतला चहा निवायच्या आत पोचते. पण सुपडू नानांच्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे हे चिंधा फुवा, लग्नाच्या दिवशी जे रुसले ते रुसलेच. आणि ते रुसले होते एका फोटोवरून.

झालं असं की लग्न लागल्यावर फोटोग्राफरनं दोन्हीकडच्या मंडळींचा एक मोठा फोटो घ्यायचं ठरवलं. मधोमध सोफ्यावर नवरा-नवरी, एका बाजूला खुर्च्यांवर हिलालभाऊ आणि मंगलाबाई, दुसऱ्या बाजूला सुपडू नाना, नानी आणि नानांच्या म्हाताऱ्या आई. मागं उभा राहायला तर अर्धा खानदेश होता. हा फोटो आपल्याशिवाय शोभायचा नाही हे जाणून चिंधा फुवा आपल्या सफारीला इस्त्री मारून आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. इस्त्रीवाल्यानं कोळसा पेटवून, पाणी शिंपडून, रीतसर घड्या पाडल्या. फुवा कडक सफारीत मांडवात परतले, तेव्हा फोटो निघाला होता, रोल संपला होता आणि फोटोग्राफर पंगतीत बसून तिसरी बट्टी चुरत होता.

फुवा तसेच, न जेवता, मोडलेल्या चेहऱ्यानं आणि न मोडलेल्या सफारीत घरी गेले. जावई हा दहावा ग्रह म्हणतात. हा तर सुपडू नानांच्या घरचा थोरला जावई, शिवाय ही सोयरीक जुळवली तीही त्यांनीच. त्यांच्या शब्दाबाहेर जायची त्या घरात कुणाची टाप नव्हती. त्यांनी निरोप धाडला, की जोवर त्या फोटोत मी खुर्चीवर बसलेला दिसत नाही, तोवर सून माहेरची पायरी चढणार नाही.

पहिले दोन महिने हिलालभाऊंनी हे हसण्यावारी नेलं. पण आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली. खानदेशात दिवाळी एकवेळ चुकली तर चालते, आखाजी चुकून चालत नाही. सासुरवाशिणी त्या दिवशी माहेरी यायच्या म्हणजे यायच्याच. आणि ही तर लग्नानंतरची पहिली आखाजी. हिलालभाऊ सुपडू नानांकडे जाऊन हात जोडून आले. नाना मवाळ माणूस. त्यांनी उलट आपलेच हात जोडले.

"याही, मना काय विलाज नही," नाना म्हणाले. व्याह्यांना ते याही म्हणत. "घरना जावाई शे. त्या राजी व्हयनात का पोरले लगेच धाडस."

दिपाली आतल्या दारात उभी होती. तिनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि बापाकडे पाहिलं. हिलालभाऊ ते पाणी न पिताच उठले. रिक्षात बसल्यावर त्यांना आठवलं की तांब्या तसाच राहिला, आणि त्यांना फार वाईट वाटलं.

घरी मंगलाबाईंनी एका वाक्यात निकाल दिला. "माले पोर जोयजे. फोटोनं काय करानं ते तुम्ही दखा."

शेजारी काशिनाथराव राहायचे. रिटायर्ड पोस्टमास्तर. नोकरीत असताना लोकांची पत्रं पोचवली, आता सल्ले पोचवत होते, आणि तेही बिनातिकिटाचे. ते म्हणाले, "हिलालभाऊ, यात अवघड काय आहे? फुवांचा एक सुटा फोटो आणा, कात्रीनं कापा, खळीनं चिकटवा. आमच्या पोस्टात तिकिटं काय वेगळी चिकटवतात?" हिलालभाऊंनी फुवांचा फोटो मागवला. फुवांचा सुटा फोटो जगात एकच होता. सारंगखेड्याच्या यात्रेत, पडद्यावर रंगवलेल्या डोंगरासमोर, लाकडी मोटारसायकलवर बसून काढलेला. डोळ्यांवर काळा गॉगल, दोन्ही हात पुढं करून हँडल धरलेलं.

काशिनाथरावांनी स्वतः कात्री चालवली. फुवा मोटारसायकलवरून सुटे झाले. चिकटवल्यावर ते नवरीच्या डोक्यावर, हवेत, दोन्ही हात पुढं करून येताना दिसू लागले. खळ ओली असल्यामुळे नंतर ते हळूहळू घसरून नवरदेवाच्या मांडीवर आले. फोटोची एक प्रत वाया गेली. काशिनाथराव म्हणाले, "खळ पातळ होती," आणि कात्री घेऊन घरी गेले.

लग्नाच्या फोटोग्राफरनं सांगितलं की हे काम कंप्युटरचं. कंप्युटरवाले रिंग रोडला. तिथं जावं, तर साडीच्या कॅटलॉगचा सीझन चालू. एकेका मशिनपुढं चार-चार साडीवाले बसलेले. हिलालभाऊंच्या हातातला फोटो पाहून एकजण म्हणाला, "अंकल, दिवाळी पछी आवजो." आखाजी वैशाखात, आणि हा दिवाळीनंतरचं सांगतोय. जिना उतरताना हिलालभाऊंना भिंतीवर पाटी दिसली. सुट्टीचा खास कोर्स, फोटोशॉप शिका, फक्त विद्यार्थ्यांसाठी. हिलालभाऊंनी तरुणपणी इंग्रजी टायपिंगची परीक्षा पहिल्या झटक्यात काढली होती. कंप्युटरलाही शेवटी बटणंच असतात, असा त्यांनी विचार केला. त्यांच्या पुढच्या सगळ्या हालांचं मूळ या एका विचारात आहे.

क्लासच्या काउंटरवरचा माणूस नियमाचा पक्का होता. तो म्हणाला, विद्यार्थी आणा. हिलालभाऊ म्हणाले, मीच विद्यार्थी. तो म्हणाला, कॉलेजचं आयकार्ड? हिलालभाऊंनी मिलचा गेटपास दाखवला. बरीच हुज्जत झाली. शेवटी त्यानं फॉर्म दिला, कारण बॅचमधली एक जागा रिकामीच जात होती. फॉर्मवर खाली 'वाली' म्हणून रकाना होता, पालकाच्या सहीचा. हिलालभाऊ म्हणाले, माझे वडील जाऊन बारा वर्षं झाली. तो म्हणाला, रकाना कोरा चालत नाही. मग दुसऱ्या दिवशी हिलालभाऊ तिथं मंगलाबाईंची सही घेऊन आले. नातं म्हणून 'पत्नी' लिहिलं होतं. ज्याच्या सहीशिवाय ताका हलत नाही त्या माणसाला बायकोच्या सहीनं प्रवेश मिळाला. ही गोष्ट त्यांनी सोसायटीत कुणाला सांगितली नाही. मंगलाबाईंनी सगळ्यांना सांगितली.

क्लासला एसी होता, म्हणून बूट बाहेर काढावे लागत. पहिल्याच दिवशी हिलालभाऊंचा डावा अंगठा मोज्यातून बाहेर आल्याचं सगळ्या बॅचनं पाहिलं. मुलं त्यांना सर समजून उभी राहिली. हिलालभाऊंना बरं वाटलं. मग ते शेवटच्या मशिनवर जाऊन बसले आणि मुलं पुन्हा खाली बसली.

शिकवायला चंचल मॅडम होत्या. मॅडम कसल्या, दिपालीपेक्षा फार तर वर्षानं मोठी पोरगी. सुरतेचीच, बोलणं निम्मं गुजराती, निम्मं हिंदी, आणि हिलालभाऊंसाठी मुद्दाम जुळवलेलं थोडं मराठी. ती त्यांना काका म्हणे, ते तिला मॅडम म्हणत. हे म्हणताना त्यांची जीभ पहिले चार दिवस अडखळली.

पहिला अडथळा माउसचा. हिलालभाऊंनी तो रबरी शिक्क्यासारखा धरला आणि दाबला. "काका, एम नहि, आम," म्हणत चंचल मॅडमनं त्यांचा हात सैल करून दिला. माउस टेबलाच्या कडेला जाऊन थांबला आणि बाण अजून पडद्याच्या मध्येच होता, तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, टेबल पुरत नाही." सगळी बॅच हसली. मॅडमनं माउस उचलून पुन्हा मध्ये ठेवून दाखवला. इतकी साधी गोष्ट आपल्याला सुचू नये याचं हिलालभाऊंना घरी जाईपर्यंत वैषम्य वाटत राहिलं.

मग लासो आला. म्हणजे चित्रातल्या वस्तूभोवती दोरी फिरवायची आणि तेवढीच वस्तू उचलायची. सरावाला पोपटाचं चित्र होतं. बाकीच्यांनी पोपट उचलले. हिलालभाऊंनी उचलला त्याला एक पाय नव्हता, शेपटी अर्धी होती आणि पिंजऱ्याचा तुकडा सोबत आला होता. चुकलं तर 'अनडू' म्हणून एक सोय होती, केलेलं काम परत फिरवायची. पण त्या फोटोशॉपात ती एकच पाऊल मागं जाई. हिलालभाऊंच्या चुका सहसा सातव्या-आठव्या पावलावर ध्यानात येत. ते रोज नव्या पोपटापासून सुरुवात करत.

पण माणूस चिवट होता. हळूहळू पोपटाला दोन्ही पाय येऊ लागले. थर म्हणजे लेयर काय, तेही त्यांना इतरांच्या आधी समजलं, कारण मिलमध्ये ताक्यावर ताका रचायची त्यांना सवय होती. चंचल मॅडमनं सगळ्या बॅचपुढं त्यांचं कौतुक केलं. त्या दिवशी हिलालभाऊ घरी जाताना मंगलाबाईंसाठी घारीची मिठाई घेऊन गेले.

मग लग्नाचा फोटो स्कॅन केला. ती फाइल इतकी मोठी झाली की फ्लॉपीत मावेना. हिलालभाऊ म्हणाले, "अर्धी एका फ्लॉपीत, अर्धी दुसरीत घालू. आमचा माल नाही का दोन ट्रकांत जात?" मॅडम म्हणाल्या, तसं होत नाही. फाइल क्लासच्याच मशिनवर ठेवावी लागली. दुसऱ्या दिवशी उघडली, तर सकाळच्या बॅचनं तीच सरावाला घेतली होती. सुपडू नानांना पोपटाची चोच आली होती, म्हाताऱ्या आजींचे केस हिरवे झाले होते, आणि हिलालभाऊ स्वतः टक्कल पडून बसले होते. पुन्हा स्कॅन आलं.

खरी अडचण त्यानंतर उभी राहिली. किंवा बसली म्हणा. फुवांना ठेवायचं कुठं? पुढच्या रांगेत तसूभर जागा नव्हती. हिलालभाऊंनी दोन्ही बाजूंनी फोटो ओढून रुंद करून पाहिला, तर जागा न होता सगळे वऱ्हाडी तेवढे लठ्ठ झाले. मग मागच्या रांगेत उभं करावं म्हणून त्यांनी नवागामला जाऊन विचारलं. फुवा ओट्यावर बाजेवर बसले होते.

"मी उभा ऱ्हावाव नही," फुवा म्हणाले. "जावाई शे मी."

"पण फुवा, खुर्ची शिल्लक नाही."

"ते तुम्हनं काम."

शिवाय गॉगलचा प्रश्न होता. हिलालभाऊंनी चंचल मॅडमना विचारलं, हा गॉगल काढता येईल का? मॅडम म्हणाल्या, "काढू शकते काका, पण त्याच्या खाली काहीच नाही." हिलालभाऊंनी तसं करून पाहिलं. फुवा ज्या रूपात दिसले ते पाहून त्यांनी ताबडतोब अनडू केलं. गॉगल राहिला.

मोटारसायकलवरचं धड खुर्चीवर बसत नव्हतं. हात पुढं, पाय फाकलेले. तेव्हा डोकं तेवढं घ्यायचं आणि दुसऱ्या कुणाच्या बसलेल्या धडावर लावायचं, एवढाच मार्ग राहिला. आता पुढच्या रांगेत बसलेले पुरुष किती? नवरदेव, त्याला हलवता येत नव्हतं. सुपडू नाना, ते घरचे कर्ते. आजी आणि नानी लुगड्यात. राहिले एक हिलालभाऊ.

ते त्यांच्या ध्यानात आलं, तेव्हा मॅडम दुसऱ्या बॅचची परीक्षा घ्यायला बाहेर गेल्या होत्या. हिलालभाऊंनी आधी स्वतःला मागं उभं करता येतं का ते पाहिलं. पण फोटोत ते बसलेले होते आणि बसलेला माणूस कंप्युटरमध्ये उभा राहत नाही. त्यांनी स्वतःचं डोकं मागच्या कुणाच्या धडावर लावायचा विचार केला, तर मागं मान दिसेल असा एकही मोकळा माणूस नव्हता, सगळे एकमेकांच्या खांद्याआडून डोकावत होते. म्हणजे जायचं तर पुरतंच जायला हवं होतं.

लेकीच्या लग्नाचा फोटो, आणि त्यात बाप नाही. असं कुठं असतं का? पण मग त्यांना पाण्याचा तांब्या आठवला. आपण फोटोत राहिलो आणि पोर आखाजीला आली नाही, तर तो फोटो भिंतीवर लावून बघायचा कुणी? त्यांनी चष्मा पुसला. लासो घेतला. स्वतःच्या कानामागून, हनुवटीखालून दोरी फिरवली आणि आपलं डोकं अलगद उचलून बाजूला काढलं. त्या दिवशी त्यांचा हात एकदाही चुकला नाही. फुवांची मान कॉलरवर इतकी बेमालूम बसली की चंचल मॅडम परत येऊन म्हणाल्या, "काका, सरस! पण तुम्ही कुठे गेलात?"

"मी आहे की इथं," हिलालभाऊ म्हणाले आणि प्रिंट द्यायला सांगितली.

फोटो त्यांनी परस्पर फ्रेम करून घेतला. मंगलाबाईंना दाखवला नाही. दाखवला असता तर त्यांनी रडून गोंधळ घातला असता, निदान हिलालभाऊंना तसं वाटत होतं. वर्तमानपत्रात गुंडाळून ते तडक नवागामला गेले.

सुपडू नानांच्या ओट्यावर फ्रेम उघडली. चिंधा फुवांनी ती हातभर लांब धरली, मग जवळ घेतली, मग पुन्हा लांब धरली. नवरीच्या शेजारी, पुढच्या रांगेत, खुर्चीवर, हिलालभाऊंच्या कोटात, गॉगल लावून ते बसले होते. त्यांच्या चेहऱ्यावरची लग्नापासूनची इस्त्री मोडली. ते म्हणाले, "कोट भारी शे." मग सगळं घर जमा झालं. नाना, नानी, आजी, फुवांच्या मंडळी शोभाफुई, आजूबाजूच्या बाया. जो तो म्हणाला, फुवा काय शोभतात! गॉगल काय दिसतो! फुवांनी नानांना हुकूम दिला, "पोरले धाडा."

हिलालभाऊंचं काम झालं होतं. त्यांना आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. पण एवढ्या माणसांत एकानंही विचारलं नाही की याही, तुम्ही कुठे आहात या फोटोत? दिपालीसुद्धा फ्रेमकडे पाहून आत गेली होती. ते फाटकापाशी रिक्षात थांबले होते, समोरून मालगाडीचे डबे जात होते, आणि त्यांना लहान मुलासारखं रडू येत होतं. रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं, म्हणून त्यांनी नाक शिंकरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीच्या दारात रिक्षा थांबली. आधी शोभाफुई उतरल्या. त्यांच्या काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली फ्रेम होती. मागून चिंधा फुवा उतरले, मान खाली घालून. शोभाफुईंचा आवाज पहिल्या माळ्यावर त्यांच्या आधी पोचला, त्यामुळे त्या वर येईपर्यंत काशिनाथराव आणि निम्मी सोसायटी हिलालभाऊंच्या दारात हजर होती.

शोभाफुईंनी फ्रेम खाटेवर ठेवली, कागद फाडला आणि फोटोवर एका जागी बोट टेकवलं.

"हाई काय शे?"

हिलालभाऊंनी चष्मा लावला. कन्यादानाला आईबाप जोडीनं बसतात, तेव्हा भटजी बाईच्या पदराची आणि यजमानाच्या उपरण्याची गाठ मारतात. ती गाठ फोटोच्या गडबडीत सोडायची राहून गेली होती. हिलालभाऊंनी आपलं डोकं काढून फुवांचं लावलं, पण खांद्यावरचं उपरणं जिथल्या तिथं ठेवलं. त्यांचं सगळं लक्ष मानेवर होतं, आणि स्वतःच्या बायकोच्या पदराची गाठ कुणी कशाला निरखून बघतं? परिणामी चिंधा फुवा गॉगल लावून, चारचौघांत, मंगलाबाईंच्या पदराला गाठ मारून लेक द्यायला बसले होते.

"मना नवरानी गाठ याहीनना पदरले?" शोभाफुई गरजल्या. "आनि हाऊ गॉगल लाईसन हासी राहिना! नवागामन्या बाया रातभर मना ओटावर हासी राहिन्यात!"

"माले काय माहीत?" फुवा पुटपुटले.

मंगलाबाईंनी आतापर्यंत हा फोटो पाहिलाच नव्हता. त्या पुढं झाल्या, त्यांनी नीट पाहिलं, आणि लाल होत डोक्यावरून पदर घेतला. मग त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. "आनि तुम्ही कोठे शेतस?"

काशिनाथराव मागून म्हणाले, "मी कात्रीचंच सांगत होतो."

चिंधा फुवा खुर्ची दिली तरी बसले नाहीत. उभ्यानंच हिलालभाऊंच्या जवळ आले आणि लग्नानंतर पहिल्यांदा हळू आवाजात बोलले. "याही, हात जोडस. माले त्या फोटोमाईन काढा."

हेडक्लार्क हिलाल सोनवणे यांना इतक्या दिवसांत प्रथमच आपल्या पदाची जाणीव झाली. त्यांनी गंभीरपणे समजावून सांगितलं, की फोटोशॉपात अनडू नावाची सोय आहे, पण ती एकच पाऊल मागं जाते आणि आपण बरेच पुढं आलो आहोत. शोभाफुई म्हणाल्या, तुमचं पाऊल-बिऊल राहू द्या, पहिला फोटो आणा. हिलालभाऊंनी घरातली मूळ प्रत काढून दिली. शोभाफुईंनी नवी प्रिंट फ्रेममधून ओढून काढली, तिथं जुनी बसवली आणि ती नवऱ्याच्या हातात दिली. "आते हाऊ भिंतले लावा. तुम्ही सोता."

आणि या सगळ्या गोंधळात, रिक्षावाल्याकडून आपली पिशवी घेऊन दिपाली वर आली होती. ती कधी आली हे कुणाला कळलंच नाही. मंगलाबाईंनी तिला पाहिलं, आणि त्यांना आमरसाचे आंबे भिजत घालायचे आहेत हे आठवून त्या रडतच आत पळाल्या.

आखाजीच्या दिवशी गॅलरीत झोका बांधला. शेजारच्या पोरी झोका घेऊन दमून घरी गेल्या, तेव्हा दिपाली एकटी बसून पायानं हलकेच झोका हलवत होती. हिलालभाऊ शेजारी पाटावर बसले होते. इतक्या दिवसांत पोरीशी बोलायचं खूप साठलं होतं. ते म्हणाले, "त्या गाठीनं बरी लाज घालवली. माझं लक्षच गेलं नाही. पण त्या फुईंची नजर केवढी पक्की!"

दिपाली हसली. "फुईनं ध्यान तं गॉगलवरच व्हतं, आप्पा. ती गाठ मीच दखाडी त्यास्ले."

झोका थांबला.

"फ्रेम उघडी तव्हय सगळा फुवाले दखी राहिन्थात," ती म्हणाली. "मी तुम्हले धुंडी राहिन्थू."